ग्रहणाची ती चौकट पुन्हा छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाची आपल्या अंकातली बातमी नीट होती. ग्रहण कधी लागणार, रात्री अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकला जाऊन तांबूस कसा दिसणार, साध्या डोळ्यांनी बघितलं तरी कसं चालतं, सगळं त्यात होतं. त्याच बातमीच्या पोटात करड्या रंगाची एक चौकट होती. ग्रहणकाळात गर्भवतींनी काय टाळावं, अशी. भाजी चिरू नये, सुई-दोरा हातात घेऊ नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. म्हणजे एकाच पानावर, दोन बोटांच्या अंतरावर, तुम्ही दोन्ही प्रवाशांना खिडकीची सीट दिलीत.

मी एसटीत वाहक आहे, जत तालुक्यातला. माझा वरचा ओठ जन्मतः डाव्या बाजूला पार नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता आणि आत टाळूही जुळलेली नव्हती. दोन्हींची ऑपरेशनं झालीत. मिशी ठेवल्यावर ओठावरची खूण निम्मी झाकते, बोलणं मात्र झाकता येत नाही. तुमची चौकट ज्या बाळाची भीती घालते ते बाळ आता पंचेचाळीस वर्षांचं आहे आणि हे पत्र लिहितंय.

आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर लागत नाही, म्हणून माझी मुलगी तिला पेपर वाचून दाखवते. त्या रविवारी चौकटीतल्या ओठाच्या ओळीला पोरगी थांबली. आई म्हणाली, "वाच की. मला म्हाईत हाय ते." पोरीनं वाचलं. आई उठून गोठ्याकडं गेली, आणि त्या दिवशी दुपारी ती जेवली नाही.

माझा जन्म १९८० च्या आषाढातला. पंढरीच्या दिंड्या वाटेवर असताना झालो म्हणतात. त्या वर्षी माघ अमावास्येला, १६ फेब्रुवारीच्या शनिवारी, मोठं सूर्यग्रहण झालं होतं. कारवार-रायचूरच्या बाजूला ते खग्रास दिसलं. आमच्याकडं खंडग्रास, पण बरंच मोठं. दुपारी तिन्हीसांजेसारखा उजेड झाला, कोंबड्या खुराड्यात गेल्या आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं, असं जुनी माणसं सांगतात. आईला आतल्या खोलीत बसवलं होतं. गोठ्यात म्हैस हंबरायला लागली. बाकी सगळे दारं लावून बसलेले. शेवटी आईच उठली, विळ्यानं कडब्याच्या पेंढीचा बंध तोडला आणि म्हशीपुढं वैरण टाकली.

आषाढात मी झालो. सुईणीनं मला तोंड झाकूनच बाहेर आणलं आणि माझ्या आत्यानं ती पेंढी आठवून काढली.

तेव्हापासून आमच्या घरात त्या पेंढीचा जाब चालू आहे. बारशाला चार घरच्या बायका आल्या नाहीत. आईनं पुढं कितीतरी अमावास्या उपवास धरले. आजी गेली, आत्या गेली, टोचून बोलणारं आता घरात कुणी उरलं नाही. पण लग्नकार्यात एखाद्या नव्या पाहुणीनं हळूच विचारलं की पोराच्या ओठाला काय झालं होतं, तर उत्तर आईच देते, "माझ्या हातनं चुकलं."

आम्हा वाहकांना कॅश आणि तिकिटांचा हिशेब जुळल्याशिवाय घरी सोडत नाहीत. त्याच सवयीनं मी हाही हिशेब मांडून बघितला. जुलैच्या मध्यावर पूर्ण दिवसांचा जन्म, म्हणजे गर्भ राहिला १९७९ च्या दिवाळीच्या आसपास. वरचा ओठ जुळतो तो गर्भ राहिल्यापासून साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात. म्हणजे माझ्या ओठाचा निकाल १९७९ च्या डिसेंबरातच लागला होता. टाळूचं काम त्यानंतर, तिसऱ्या महिन्याअखेर उरकतं. तेही जानेवारीत संपलं. ग्रहण लागलं तेव्हा आईला पाचवा महिना चालू असणार. म्हैस हंबरली त्याच्या दोन महिने आधीपासून माझा ओठ तसाच होता. आईनं त्या दुपारी विळा हातात घेतला नसता तर एवढंच झालं असतं की म्हैस उपाशी राहिली असती.

हे मी आईला सांगितलंय, कागदावर महिने लिहून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू म्हणतोस तसं आसंल. पण पेपरात तर येतंय की."

साहेब, हे पत्र त्या वाक्यासाठी आहे.

ओठ कसा जुळतो ते मला मिरजेच्या एका डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. पोटात चेहरा एका अखंड तुकड्याचा होत नाही. कपाळाकडून नाकाचा भाग खाली येतो, दोन्ही गालांकडून दोन भाग मधे सरकतात आणि त्यांच्या जोडातून वरचा ओठ होतो. त्या वेळी अख्खं बाळ आपल्या बोटाच्या पेराहून लहान असतं. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन बाजूंना खाली लोंबत असतात. जीभ खाली बसली की ते वर उचलले जाऊन मधोमध मिळतात. दोन्ही काठांवरून बांधत आणलेल्या पुलाचा मधला गाळा राहून जावा तसं कुणाच्या ओठाचं राहतं, कुणाच्या टाळूचं, कुणाच्या दोन्हींचं. पूर्ण झालेला ओठ नंतर कुणी कापत नाही. विळा-सुरीला तिथं काम काय?

मग गाळा राहतो कशानं? याला एकच एक उत्तर नाही. काही घराण्यांत ते रक्तातून येतं. गरोदरपणात विडी-सिगारेट ओढली, दारू घेतली, तर धोका वाढतो. फिट्सवरच्या काही गोळ्यांचाही संबंध आहे. (म्हणून कुणी त्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.) आधीपासूनचा, आटोक्यात नसलेला मधुमेहही त्यात येतो. उपकेंद्रात नर्सबाई फॉलिक ॲसिड देतात ते पाठीच्या कण्याचे दोष टाळायला नक्की उपयोगी आहे. ओठाच्या बाबतीत तेवढ्या ठामपणे सांगता येत नाही, पण घ्यावंच. आणि हे सगळं सांगूनही बहुतेक घरांत कुणाकडंच बोट दाखवता येत नाही. सगळं पाळलेल्या, मिश्रीसुद्धा न लावणाऱ्या बाईच्या पोटीही असं बाळ येतं. साधारण सातशे ते हजार जन्मांमागं एक, मुलखाप्रमाणं थोडं कमी-जास्त. आपल्या देशात वर्षाला तीसेक हजार बाळं अशी जन्मतात, ज्या वर्षी ग्रहण दिसतं त्या वर्षी आणि दिसत नाही त्याही वर्षी.

गाईच्या वासरालाही टाळू दुभंगलेली असते, कुत्रीच्या पिल्लालाही. गुरांच्या डॉक्टरांना विचारा. गाय ग्रहणात शिवायला बसली होती काय?

माझ्या मुलीनं मोबाइलवर शोधून एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी हसतच सुटलो. तिकडं मेक्सिकोत हाच समज आहे, ग्रहणानं बाळाचा ओठ तुटतो. पण त्यांचा उपाय असा की गर्भवतीनं अंगाला धातू लावायचा. किल्ली नाहीतर सेफ्टी पिन आतल्या कपड्याला अडकवून ठेवायची. आपल्याकडं सुईला हात लावला की ओठ फाटतो, त्यांच्याकडं पिन नसली की फाटतो! आता या दोन गावच्या बायकांनी एकाच घरात ग्रहण काढायचं ठरवलं तर पिनेचं करायचं काय?

आता विळी-सुरीचंच सांगतो. १५ जानेवारी २०१० ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी सूर्यग्रहण होतं. माझी बायको गरोदर होती. आईनं सकाळीच घरातली विळी, सुरी, कात्री, सुयांची डबी, माझं दाढीचं ब्लेडसुद्धा ट्रंकेत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. ज्या बाईनं तीस वर्षं तो आरोप सोसला तीच सुनेला उठू देत नव्हती. मला तिचा राग आला नाही. जिला एकदा चोर ठरवलंय ती पुढं सगळ्यांचे खिसे सांभाळते. बायकोही समजूतदार. तिनं ग्रहण सुटेपर्यंत भिंतीला टेकून स्वेटरचे टाके मनातल्या मनात मोजले. (विणायच्या सुयाही ट्रंकेत.)

मुलगी झाली, ओठ-टाळू सगळं व्यवस्थित. आई म्हणाली, "बघ, पाळलं म्हणून." या नियमाची गंमत हीच आहे. बाळ चांगलं झालं तर नियमामुळं, नाही झालं तर बाईमुळं. नियम कधीच हरत नाही. २०२० च्या जूनमधल्या सूर्यग्रहणात आमच्याच जिल्ह्यात, इस्लामपूरला, एका गर्भवती बाईनं मुद्दाम सगळ्यांसमोर भाजी चिरून दाखवली होती, त्याच्या बातम्या आल्या होत्या. तिच्या हिमतीला माझा मान आहे. तरी माझं मत विचाराल तर एका धडधाकट बाळानं काही सिद्ध होत नाही, जसं माझ्या एका ओठानंही होत नाही. ७ सप्टेंबरचं ग्रहण सगळ्या आशियात दिसलं, आफ्रिकेत दिसलं, ऑस्ट्रेलियात दिसलं. त्या रात्री किती लाख गर्भवतींनी काय काय चिरलं असेल त्याचा अंदाज तुम्हीच करा.

गाडीत एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले, "आपल्या पूर्वजांनी उगाच का लिहून ठेवलंय?" पूर्वजांनी लिहिलंय खरं. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे आणि तिच्याच शेजारी सांगितलंय की ओठही तसाच जोडावा, फक्त नाकात घालतात तशी नळी लागत नाही. ते पान कुणी चौकटीत छापत नाही.

चौकट छापायचीच तर बाळ जन्मल्यानंतरची छापा. तिची गरज किती आहे ते मला गाडीत कळतं. मागं एका उन्हाळ्यात जत-मिरज गाडीला एक पोरसवदा बाई चढली, बरोबर तिची आई. मांडीवर बाळ, आणि चैत्राच्या उन्हात बाळाचं अख्खं तोंड पदराखाली. मी अर्धी तिकिटं फाडून दिली आणि म्हणालो, "मावशी, वारं लागू द्या की त्येला."

"नजर लागती ओ," म्हातारी म्हणाली.

अशी झाकलेली बाळं मला लांबूनही ओळखू येतात. मी वाकून, मिशीचे केस बोटानं बाजूला करून माझा ओठ दाखवला. म्हातारी बघतच राहिली. त्या पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग पदर काढला. दोन्ही बाजूंनी दुभंगलेला ओठ. बाळ वाळून गेलेलं, दीड महिन्याचं असूनही जन्मल्यासारखंच. दूध नाकातून येतंय म्हणून घाबरून पाजायचंच कमी केलेलं, वर गाईच्या दुधात निम्मं पाणी. अंगावरचं दूध 'उतरत नाही' म्हणून सोडून दिलेलं. आणि सासरी आता घेत नाहीत. का, ते विचारायची गरज नव्हती. त्या पोरीनं स्वतःच सांगितलं, "गिराणात मी पडद्याला टाका घातला हुता."

कवठेमहांकाळ येईपर्यंत मी तिला सांगत होतो. मधे मधे बेल मारायला उठत होतो, पण सांगितलं. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर पुष्कळ बाळं अंगावर पितात, स्तन त्या फटीवर नीट बसला की झालं. टाळू उघडी असेल तर बाळाला ओढच लावता येत नाही. ते आळशी नसतं, त्याच्या तोंडात हवेची पकड बसत नाही. मग आईनं आपलं दूध पिळून काढायचं आणि वाटी-चमच्यानं किंवा आपल्या जुन्या बोंडल्यानं, उकळून स्वच्छ केलेल्या, थोडं थोडं पाजायचं. बाळाला आडवं धरायचं नाही, बसतं केल्यासारखं उभट धरायचं, म्हणजे नाकात कमी जातं. ढेकर जास्त वेळा काढायची, कारण दुधाबरोबर हवा पोटात जाते. नाकातून थोडं आलं तर पुसायचं, थांबायचं आणि परत पाजायचं. पाणी घालायचं नाही. वजनावर सगळं अवलंबून आहे. डॉक्टर लोक जुना दहाचा नियम सांगतात. बाळ दहा आठवड्यांचं, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन दहा, मग ओठाचं ऑपरेशन. म्हणजे तीन ते सहा महिन्यांत ओठ, आणि टाळू साधारण नऊ महिने ते दीड वर्षात, बोलणं फुटायच्या सुमारास.

म्हातारीनं शेवटी विचारलं, "मग तुमच्या आईनं काय क्येलं हुतं?" मी म्हणालो, "म्हशीला वैरण टाकली हुती." मग मिरज येईपर्यंत ती काही बोलली नाही.

टाळूबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ती दिसत नाही आणि म्हणून राहून जाते. माझा ओठ लहानपणीच शिवला. वडिलांनी बैल विकून मिरजेला नेलं होतं. सगळे म्हणाले, झालं, पोरगं चांगलं दिसायला लागलं. तोंडात बॅटरी मारून कुणी बघितलं नाही, किंवा बघितलं असेल तर घरच्यांना परत या म्हणून नीट सांगितलं नाही. टाळूचं ऑपरेशन झालं ते मी चौथीत असताना, तोवर जीभ-घशानं आपापल्या वाकड्या वाटा शोधल्या होत्या. काही बाळांचा ओठ चांगला असतो आणि फक्त टाळूच उघडी असते. ती तर महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाहीत. दूध सारखं नाकातून येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या तोंडात उजेडात बघितलं पाहिजे.

टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, तेव्हा तोंडात हवा कोंडते आणि क-ख-ग पासून प-फ-ब-भ पर्यंतची अक्षरं फुटतात. माझी ती वाट नीट बंद होत नाही. म, न, ण मला सोपी, कारण त्यांची हवा तशीही नाकातूनच जाते. आता माझं नशीब बघा, 'तिकीट' म्हणताना एकही अक्षर सोपं लागत नाही! 'मणेराजुरी' जवळजवळ झकास जमतं, 'कवठेमहांकाळ' मधेच थोडं सुधारतं. शाळेत पोरं मला गेंगाण्या म्हणायची, त्याचं आता काही वाटत नाही. पण नोकरीला लागल्यावर एका प्रवाशानं आगारात लेखी तक्रार दिली की वाहक दारू पिऊन बोलत होता. मला बोलावून तोंडाचा वास घेतला. साहेब चांगले होते, नंतर चहा पाजला. तरी वास घेतला तो घेतला.

वेळेवर टाळू जुळवली, आणि पुढं वाचा-उपचार मिळाला, तर बहुतेक मुलं स्वच्छ बोलतात. माझ्या बाबतीत दोन्ही उशिरा झालं, दुसरं तर झालंच नाही म्हणा. कानाचंही तसंच. टाळूचे स्नायू कानाच्या नळीचंही काम करतात, ते कमजोर असले की कानाच्या पडद्यामागं पाणी साचतं आणि मुलाला कमी ऐकू येतं. घरात मात्र 'पोरगं ढ आहे' म्हणतात. कान तपासून घ्यावेत. पुढं हिरडीतही फट असेल तर आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा यायच्या आधी, तिथं हाड भरतात. दात सरळ करणं त्याच्या मागंपुढं. म्हणजे एका ऑपरेशनानं ही गोष्ट संपत नाही, मूल वयात येईपर्यंत अधूनमधून दवाखाना असतो.

म्हणून मला तुमच्या पानावरचे शिबिरांचे ते फोटोही खटकतात. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मधे पाहुण्यांचा सत्कार. शिबिरं वाईट नाहीत, कित्येकांचे ओठ त्यांच्यामुळंच जुळले. पण बातमीत एवढं तरी विचारा की या बाळांची टाळू कधी करणार, बोलायला कोण शिकवणार, पुढच्या वर्षी यांनी कुठं जायचं. आणि बाळाचा चेहरा छापायलाच हवा का? ते मोठं होऊन कुणाच्या तरी गाडीत तिकीट फाडणार आहे.

पैशाची अडचण पूर्वीसारखी राहिलेली नाही, हेही लोकांना माहीत नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत जे जन्मजात दोष त्यांनी धरलेत त्यांत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, पण नवजात बाळासाठी त्याची वाट बघायची नाही. आशाताईंना सांगायचं, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राकडं चिठ्ठी मिळवून देतात. या कार्यक्रमातून शस्त्रक्रिया मोफत होते. माझ्या वडिलांना बैल विकावा लागला तसा आता कुणी विकू नये.

आणखी एक, जे लिहू की नको असं झालं होतं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत आता ओठ पुष्कळदा दिसतो. (एकटी टाळू सहसा दिसत नाही.) माझ्या ओळखीच्या एका घरात तसं दिसल्यावर वडीलधाऱ्यांनी त्याच दिवशी 'मोकळं करून टाका' असं ठरवलं. पोरगी नुसती रडत होती. कायदा काय म्हणतो ते डॉक्टर सांगतील, निर्णय त्या नवरा-बायकोचा. पण त्याआधी इतर काही दोष आहेत का ते नीट तपासून घ्यावं, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांशी एकदा बोलावं आणि जमलं तर असा ओठ घेऊन मोठं झालेलं एखादं माणूस बघावं. मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. चहा पिताना माझ्या ओठातून कप गळतो का हे त्यांची आजी टक लावून बघत होती. गळत नाही. माझी मुलगी सोबत होती, तिलाही त्यांनी बघितलं. आई-बापापैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात चार-पाचच्या आसपास, म्हणजे पंचाण्णव वेळा होत नाही. हा आकडा मला माझ्या लग्नाच्या वेळी माहीत असता तर चार-सहा मुलींच्या बापांना ऐकवला असता.

आता मागणं. ३ मार्च २०२६ ला, होळीच्या सुमाराला, पुन्हा चंद्रग्रहण आहे. आपल्याकडं चंद्र उगवतानाच ते सुटत आलेलं असेल, तरी पाळणारे दिवसभर पाळतील. पुढं २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. त्या दिवशीच्या अंकात ती चौकट नको. ज्यांना ग्रहण पाळायचं त्यांनी पाळावं, आंघोळ करावी, दान करावं, जप करावा, माझं काही म्हणणं नाही. आईही करते. फक्त बाळाच्या ओठाचं नाव त्यात घेऊ नका. आणि पेपरानं हे इतकी वर्षं छापलंय, तर एकदा त्याच जागी, त्याच करड्या रंगात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा की ग्रहणात काही चिरल्यानं, शिवल्यानं बाळाचा ओठ दुभंगत नाही, तो दुसऱ्या महिन्यातच जुळायचा राहिलेला असतो आणि त्याला आई जबाबदार नसते. खाली दूध कसं पाजायचं आणि कुणाला भेटायचं ते चार ओळींत. जागा कमी पडली तर त्या दिवशीचं राशिभविष्य थोडं आखूड करा.

अक्षर जरा मोठं ठेवा. आमच्या घरी ते मुलीनं वाचून दाखवण्यापेक्षा आईनं स्वतः वाचलेलं मला पाहिजे आहे.

आपला,
एक एसटी वाहक, ता. जत, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. छापू नये.)